गाउन उलटा करून बघ

तुझ्या मांडीवर पेंढा ठासून भरलेली एक टणक उशी आहे. उशीवर भोकंभोकं पाडलेला नक्षीचा कागद, कागदावर टाचण्यांचं रान, आणि टाचण्यांच्या आधाराने लोंबणाऱ्या निमुळत्या लाकडी काड्या, प्रत्येकीला अतिशय बारीक सुती दोरा गुंडाळलेला. दोन जोड्या उचल. एक दुसरीवरून टाक, पीळ दे, टाचणी खोच. पुन्हा उचल. वर्ष १८३९, गाव बीअर. नाव ऐकून हसू नकोस. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हन परगण्यात हे गाव खरोखरच आहे. पुरुष होड्या घेऊन समुद्रावर, बायका उजेड असेल तिथे उशी घेऊन. बोटं स्वच्छ हवीत आणि कोरडी हवीत. मासळीच्या गावात हे बोलायला सोपं.

वाचणारा पुरुष असला तरी आजच्यापुरतं त्याने हे बाईपण अंगावर चढवावं, इलाज नाही. वधूच्या पांढऱ्या गाउनकडे जायची समोरची वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे: चर्चचं दार, ऑर्गनचा सूर, मागे वळणाऱ्या माना. आपण मागच्या बाजूने जाणार आहोत. तिथे गाउन अजून तुकड्यातुकड्यांत पडलेला असतो. आपल्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलटीइतकाच नेटका दिसतो. गाउनचं तसं नसतं. त्याच्या आत टिपा असतात, अस्तर असतं, कापडाच्या कडा कुठेतरी दुमडून दडवलेल्या असतात, आणि कुणी दडवल्या ते बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं.

तर, उशी. तू अगदी लहान असताना तुला लेसच्या शाळेत घातलं. शाळा म्हणजे एका बाईची खोली. अक्षरओळख जेमतेम, दोऱ्याशी ओळख मात्र पक्की. आता तुझी बोटं डोळ्यांसाठी थांबत नाहीत. एक पाकळी होते, मग पान, मग देठ. दिवसभरात जे निघतं ते तळहातावर मावतं आणि फुंकरीने उडतं. पण धंदा बसत चाललाय. जॉन हीथकोट नावाच्या माणसाने जाळी विणणारं यंत्र काढलं, १८०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १८१६ मध्ये लफबरोच्या त्याच्या कारखान्यातली यंत्रं लोकांनी घणाने फोडली, तर तो बिऱ्हाड उचलून आला कुठे, तर याच डेव्हनमध्ये, टिव्हर्टनला. आता बरीचशी जाळी यंत्राची असते. तुम्ही बायका फुलं करता आणि ती जाळीवर टाचली जातात. फुलंही यंत्रच करू लागलं की आपलं काय, हे प्रत्येकीच्या मनात आहे. बोलत कुणी नाही, कारण बोलताना पीळ चुकतो.

मग याच गावची जेन बिडनी काम घेऊन येते. राणीचं काम. दोनशेहून अधिक बायकांना महिनोन्महिने पुरेल इतकं. हॉनिटन हे जवळच्या बाजारगावाचं नाव, त्याच नावाने ही लेस विकली जाते. तुझ्या वाट्याला एक फूल येतं, शेजारणीच्या वाट्याला एक पान. अख्खी लेस जोडली जाईपर्यंत ती कशी दिसणार हे तुला कळत नाही. तिची किंमत हजार पौंडांच्या घरात सांगतात. त्यातलं तुझ्या हातावर किती पडेल ते विचारू नकोस. या धंद्यातले व्यापारी मजुरी रोख देण्याऐवजी दुकानातला माल माथी मारण्यासाठी बदनाम आहेत. काम संपल्यावर नक्षीचे कागद नष्ट केले जातात, दुसऱ्या कुणा वधूच्या अंगावर तेच फूल उमलू नये म्हणून.

ऊठ आता, पाय मोकळे कर. लंडन, १० फेब्रुवारी १८४०, सेंट जेम्स राजवाडा. सकाळपासून पाऊस पडतोय. तू बारा करवल्यांपैकी एक आहेस. तुमचे पांढरे पोशाख कसे असावेत याचं चित्र राणीने स्वतः काढून दिलं होतं. तुमच्या हातात तिच्या गाउनचा मागे लोळणारा घोळ आहे, आणि पंचाईत अशी की बाराजणींना धरायला तो पुरत नाही. एकमेकींच्या टाचांवर पाय पडताहेत. लहान मुलीसारखी टुकूटुकू पावलं टाकावी लागताहेत, आणि चेहरा मात्र राजघराण्याला शोभेल असा ठेवायचा आहे. इतिहासातल्या सगळ्यात प्रभावी लग्नाच्या गाउनमागे ही अशी गंमत चालली होती, हे मला फार आवडतं.

समोर बघ. वीस वर्षांची व्हिक्टोरिया, उंचीने ठेंगणी. राज्यावर येऊन तिला तीन वर्षंही झालेली नाहीत. गादीवर बसलेल्या राणीला मागणी घालण्याची कुणाची छाती, म्हणून ऑक्टोबरमध्ये विंडसरला तिनेच आल्बर्टला विचारलं होतं. आता तिच्या डोक्यावर मुकुट नाही, संत्र्याच्या फुलांची वेल आहे. लाल मखमलीचा, फरची किनार असलेला राजझगा नाही. छातीवर आल्बर्टने दिलेला नीलमण्याचा ब्रोच आहे. अंगात सायीच्या रंगाचं सॅटिन, लंडनच्याच स्पिटलफील्ड्समध्ये विणलेलं. तिथले विणकरही परदेशी रेशमाने गांजलेले. त्यावर तुमची लेस. पांढऱ्यावर पांढरं, म्हणजे नजर कापडावर न थांबता विणीवर जाते. आपण ज्याला पुढे स्वदेशी म्हणू लागलो, तो हिशेब या गाउनमध्ये पुरेपूर आहे.

आणि आणखी एक हिशेब, जो मला आजही नीटसा उलगडत नाही. साम्राज्याची धनीण त्या दिवशी राणीसारखी न दिसता नवरीसारखी दिसायचं ठरवते. शपथेत नवऱ्याची आज्ञा पाळीन हे वाक्य असू द्यावं, असाही तिचाच आग्रह. तिला हौस होती असं म्हण, किंवा तिला लोकांची नस कळली होती असं म्हण. लोकांना राणी रोजच दिसत होती. नवरी त्यांना आपली वाटली. गाउनच्या मोहिनीची सुरुवात इथे आहे, आणि ती भोळी नाही.

तू म्हणशील, पांढरा रंग तर जुनाच. तसा तो होताही, तुरळक. स्कॉटलंडची मेरी १५५८ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामला फ्रान्सच्या युवराजाशी लग्न करताना पांढऱ्यात उभी राहिली होती, आणि तेव्हा फ्रान्सच्या राण्या शोक पाळायला पांढरं घालत. राजकन्या शार्लटने १८१६ मध्ये चंदेरी घातलं. बाकीच्या बायका? निळा, तपकिरी, करडा, क्वचित काळासुद्धा; असेल त्यातला चांगला पोशाख, जो पुढे वर्षानुवर्षं रविवारी चर्चला घालता येईल. पांढरं परवडणं म्हणजे धुलाई परवडणं. पावित्र्याचा अर्थ त्याला मासिकांनी नंतर चिकटवला. अमेरिकेतलं 'गोडीज लेडीज बुक' १८४९ मध्ये छातीठोकपणे सांगत होतं की पांढरा हाच नवरीचा पहिल्यापासूनचा रंग. नऊ वर्षांत 'पहिल्यापासून'! आपल्याला हसायचा अधिकार आहे का, माहीत नाही. मराठी नवरीची अष्टपुत्री हळदीची पिवळी आणि जुन्या घरातल्या विधवेचं आलवण लाल, हेही कुणीतरी कधीतरी ठरवलंच असणार.

राणीने मात्र तुमची लेस सोडली नाही. १८४७ मध्ये लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने विंटरहाल्टरकडून स्वतःचं नवरीच्या वेषातलं चित्र काढून घेतलं. धाकट्या मुलीला, बिएट्रिसला, १८८५ मध्ये लग्नात ती लेस घालायला दिली. १८९३ मध्ये नातवाच्या लग्नात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, विधवेच्या काळ्या पोशाखावर तिने ती लेस आणि लग्नातला लेसचा बुरखा पुन्हा घातला; हीरक महोत्सवाचं अधिकृत छायाचित्र म्हणून जग ओळखतं ते त्याच वेळचं. १९०१ मध्ये शवपेटीत तिच्या चेहऱ्यावर तोच बुरखा होता. गाउनमधलं सॅटिन एका दिवसाचं. बायकांनी मांडीवर उशी घेऊन केलेलं काम एकसष्ट वर्षं चाललं.

आता मोठी उडी. पकड घट्ट धर, कापड निसरडं आहे.

१९४७ चा जुलै, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं नेफ्स नावाचं गाव. जमिनीवर नायलॉनचा ढीग पडलाय, लांब त्रिकोणी पट्ट्या जोडून केलेला. हे पॅराशूट आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये मेजर क्लॉड हेन्सिंगर जपानमधल्या यावातावर बॉम्ब टाकून परतत असताना विमानाच्या इंजिनाने पेट घेतला; तो आणि त्याचे साथीदार चीनच्या भूमीवर उड्या टाकून उतरले. तो खडकांवर पडला. रात्रभर त्याने हेच कापड पांघरलं, हेच उशाला घेतलं. मग ते घडी करून घरी आणलं आणि रूथला मागणी घालताना अंगठीऐवजी ते पुढे केलं: याचा गाउन कर.

रोमँटिक आहे, कबूल. पण तू रूथच्या शेजारी जमिनीवर बसली आहेस आणि प्रश्न असा आहे की याला कात्री लावायची कुठे? नायलॉन सुईखालून सटकतं. शिवणी आधीच आहेत, त्याही तिरक्या, वाऱ्याचा हिशेब करून घातलेल्या. रूथने 'गॉन विथ द विंड'मधल्या पोशाखाच्या धर्तीचा एक गाउन दुकानाच्या काचेत पाहून ठेवलाय. वरचा भाग आणि बुरखा ती गावातल्या शिंपीणबाईंकडे देते. घेर मात्र स्वतः करते, आणि बघ कसा करते. पॅराशूटच्या दोऱ्या ती कापून टाकत नाही, ओढून घेते. दोऱ्या खेचल्या की पुढून घेर वर उचलला जातो आणि मागे आपोआप घोळ पडतो. माणसाला आकाशातून खाली आणण्यासाठी बेतलेलं कापड ती चर्चमध्ये चालण्याजोगं करते, आणि तेही त्याच्याच दोऱ्यांनी. बायकी नाजूकपणा म्हणून ज्याचे गोडवे गातात ते बऱ्याचदा असं अभियांत्रिकीचं काम असतं. १९ जुलैला ती हा गाउन घालून लग्न करते. पुढे तिची मुलगी आणि मुलाची वधूही तोच घालतात, आणि मग तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जातो.

रूथच्या लग्नाच्या आदल्याच दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याला संमती दिली होती. राजांच्या घरी त्या महिन्यात आणखी एक लगबग चालू होती, थोरल्या मुलीची सोयरीक नुकतीच जाहीर झालेली. तर चल तिकडेच.

ब्रूटन स्ट्रीट, नॉर्मन हार्टनेल यांचं शिवणघर. याच रस्त्यावरच्या एका घरात १९२६ मध्ये ती मुलगी जन्मली. आता खिडक्यांच्या काचांना चुना फासलाय आणि वर मलमलीचे पडदे, कारण समोरच्या इमारतींतून डोकावणारे वार्ताहर गाउनची नक्षी फोडतील. आत साडेतीनशे बायका, मुदत सात आठवडे. तुझ्या समोर चौकटीवर ताणलेलं सॅटिन, आणि वाटीत अमेरिकेहून आणलेले बारीक मोती. एकूण दहा हजार. जकातीवर अडवून ठेवले होते, कर भरल्यावर सुटले. बोत्तिचेल्लीच्या 'वसंत' चित्रावरून हार्टनेलना कल्पना सुचली म्हणतात. तुला दिसतात ते फक्त गुलाब, गव्हाच्या ओंब्या आणि संत्र्याची फुलं, आणि मान दुखते.

बाहेर कपड्यांचं रेशनिंग आहे. १९४१ पासून कूपनं मोजून कपडे मिळताहेत, अजून दीड वर्ष तरी सुटका नाही. राजकन्येला जादा कूपनं मंजूर झाली, पण कूपन तिलाही द्यावंच लागतं. देशभरच्या बायकांनी आपली कूपनं पाकिटात घालून तिला पाठवली. ती परत करावी लागली, कारण दुसऱ्याचं कूपन वापरणं बेकायदा. मला या पाकिटांचा विचार सोडवत नाही. कोटाला ठिगळ लावणाऱ्या बाईला दुसरीच्या झग्यासाठी आपलं कूपन द्यावंसं का वाटावं? भाबडेपणा म्हणून झटकून टाकता येईल. मला वाटतं, सहा वर्षं खाकी आणि करडं बघून डोळे उपाशी होते. कुणाच्या तरी अंगावर ते चमकू दे, आपण बघू. हौसही सामुदायिक असते, लग्नघरात वावरलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

शंका काढणारेही होते. रेशमाचे किडे कुठले? जपानी? इटालियन? म्हणजे शत्रूचे? हार्टनेलना खुलासा करावा लागला की किडे चिनी आहेत, आणि तेही राष्ट्रवादी चीनचे. किड्यांचं राष्ट्रीयत्व तपासून घेतलेली ही जगातली बहुधा एकमेव नवरी.

२० नोव्हेंबरची सकाळ. टिआरा डोक्यावर बसवताना मोडतो, जवाहिऱ्याला धावपळ करावी लागते. फुलांचा गुच्छ सापडत नाही. वडिलांनी दिलेले मोत्यांचे सर सेंट जेम्स राजवाड्यात राहून गेलेत, कारण तिथे आहेराचं प्रदर्शन मांडलंय. खासगी सचिव कोलव्हिल गर्दीतून वाट काढत ते आणायला निघतो. तू त्याच्या मागोमाग आत शीर. आहेर खूप आहे, पण एका टेबलाशी थांब. सुती दोऱ्याचं विणलेलं छोटं कापड, मध्यभागी 'जय हिंद'. सूत गांधीजींनी स्वतः चरख्यावर काढलेलं, माउंटबॅटन यांच्या हातून आलेलं. वधूच्या आजीला, राणी मेरीला, ते गांधींचं पंचा-लंगोट वाटलं आणि ती नाराज झाली, असा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. विणकाम कुणाचं? गांधीजींच्या पत्रात नाव नाही, ते एका पंजाबी मुलीने केलं असं आहे. त्या वर्षी पंजाबी मुलगी असणं म्हणजे काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. बीअरच्या दोनशे जणींना तिने ओळखलं असतं. बोटं तीच, नाव नसणंही तेच.

पुढचा मुक्काम जरा लांबेल. न्यूयॉर्क, १९५३, सप्टेंबरचे पहिले दिवस. सकाळी तू शिवणघराचं दार उघडतेस आणि पायाखाली पाणी. रात्री नळ फुटलाय. पन्नास वार हस्तिदंती तफेटा कापून, चुण्या घालून, आठ आठवडे खपून उभा केलेला गाउन भिजून रया गेलेला. करवल्यांच्या गुलाबी पोशाखांपैकीही बहुतेक गेले. लग्न दहा दिवसांवर. वधू जॅकलीन बुव्हिए, वर सिनेटर जॉन केनेडी.

तुझ्या मालकीणबाई अ‍ॅन लो दारात उभ्या आहेत. जन्म १८९८, अलाबामातलं क्लेटन. आजी गुलामगिरीत जन्मलेली, शिवणकाम करणारी; आई शिवणकाम करणारी. आई वारली तेव्हा तिच्या हातातले गव्हर्नरच्या बायकोचे पोशाख अर्धवट होते, ते सोळा वर्षांच्या अ‍ॅनने पुरे केले. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या शिवणशाळेत दाखल झाल्या तर गोऱ्या मुलींनी एका वर्गात बसायला नकार दिला. त्यांना वेगळ्या खोलीत एकटं बसवलं गेलं. तरी इतरांच्या आधी शिकून बाहेर पडल्या. रद्दी कापडाच्या चिंधीतून खरी वाटावीत अशी फुलं करणं त्यांनी लहानपणी आजी-आईकडून उचललं. तीच फुलं पुढे त्यांची सही झाली.

ती बाई डोक्याला हात लावून बसत नाही. कापड पुन्हा मागवते. जादा हात बोलावते. तू रात्रंदिवस टाके घालतेस. घेरावर चुण्यांच्या वळ्या, त्या वळ्यांची गोल चकरं, त्यांच्या मध्ये मेणाची इवली फुलं. जॅकलीनला साधा, सरळ रेषेतला गाउन हवा होता असं म्हणतात. घरच्यांना भरजरी थाट हवा होता. नवरीची इच्छा आणि नवरीचा गाउन यांत अंतर पडणं ही काही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. पाणी शिरल्याचं लो वधूच्या घरच्यांना सांगत नाहीत. हिशेब असा: सातशे डॉलर सुटायचे होते, बावीसशे डॉलर खिशातून गेले. तेही कुणाला सांगत नाहीत.

मग खोके गाडीत घालून न्यूपोर्टला, हॅमरस्मिथ फार्मच्या बंगल्यावर. दारातला माणूस सांगतो, नोकरांच्या दाराने या. पहिल्या परिच्छेदापासून मी तुला मागच्या दाराने फिरवतेय, पण इथे थांब आणि बाईंकडे बघ. त्या सांगतात की समोरच्या दाराने आत घेत नसाल तर पोशाख परत नेते. माणूस बाजूला होतो. तू त्यांच्यामागून खोके घेऊन समोरच्या दाराने आत जातेस.

१२ सप्टेंबरला छायाचित्रं निघतात, अमेरिकाभर छापली जातात. न्यूयॉर्क टाइम्स गाउनचं वर्णन करतो. तो केला कुणी, हे लिहीत नाही. पुढची गोष्ट गोड नाही. लो यांच्या कारागिरीचा दर त्यांनी स्वतःच फार कमी लावला, श्रीमंत गिऱ्हाइकांनी तो आनंदाने कमीच राहू दिला. डोळे गेले, काचबिंदूने एक डोळा काढावा लागला. कराची थकबाकी साचली आणि ती एका निनावी व्यक्तीने भरली. ती जॅकलीनच असणार, असं लो यांना वाटे. असेलही. निनावी मदतीपेक्षा १९५३ मध्ये एक नाव छापून आलं असतं तर, हा माझा आपला खडूसपणा.

गाउन बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहे, आता प्रवास न झेपणारा. म्हणून २०२३ मध्ये डेलावेअरच्या विंटरथर संग्रहालयात अ‍ॅन लो यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा त्याची हुबेहूब प्रतिकृती नव्याने शिवली गेली. त्यासाठी आधी मूळ गाउनचं आतून-बाहेरून निरीक्षण करावं लागलं. सत्तर वर्षांनी कुणीतरी तो उलटून नीट बघितला.

१९८१ मध्ये थांबायचं नाही. डायनाचा पंचवीस फुटी घोळ काचेच्या बग्गीत कसाबसा कोंबलेला, सेंट पॉलच्या पायऱ्यांवर तफेट्याच्या चुरगळ्या साऱ्या जगाने पाहिल्या. त्या चुरगळ्यांमुळे तिचं काही बिघडलं नाही, आणि पुढची दहा वर्षं जगभरच्या शिंप्यांना फुग्याच्या बाह्या शिवाव्या लागल्या. चल.

गोवा. चर्चमध्ये उभी असलेली नवरी थेट त्या १८४० च्या वंशातली: पांढरा गाउन, बुरखा, लेस. पण तिच्या हातांकडे बघ. मनगटावर चुडा आहे, हिरव्या-पिवळ्या-लाल काचेच्या बांगड्यांचा, मामाच्या घरून आलेला. आदल्या संध्याकाळी रोसच्या वेळी तिला नारळाच्या रसाने न्हाऊ घातलंय. व्हिक्टोरियाच्या पांढऱ्याला इथे कुणी नाही म्हटलं नाही, पण त्याला एकट्याने राज्यही करू दिलं नाही. कारण गाउनच्या नंतर तिला घालायचा आहे साडो, लाल पोशाख. आणि साडो शिवायचा म्हणजे मुळात तो कापायचा समारंभ करायचा.

त्यासाठी थोडे दिवस मागे ये, नवरीच्या घरी. ओसरीवर माणसं जमलीत. शेजारीण आली, आतेबहिणी आल्या, कुणीतरी मुलांना फटाक्यांपासून लांब ओढतंय. दर्जीला घरी बोलावणं गेलं होतं आणि तो समोरच्या पायऱ्या चढून, सगळ्यांच्या नजरा झेलत आला आहे. लाल कापड पसरलंय. शिवणाऱ्याच्या पहिल्या कात्रीसाठी अख्खं घर उभं राहतं, असं मी बीअरमध्ये पाहिलं नाही, ब्रूटन स्ट्रीटला नाही आणि न्यूपोर्टला तर नाहीच. हल्ली हे कमी होत चाललंय, पुष्कळ जणी साडो तयार आणतात; पण या घरातल्या आजीबाईंनी ऐकलेलं नाही.

दर्जी क्रूसाची खूण करतो. कात्री कापडात शिरते आणि अंगणात फटाक्यांची माळ तडतडायला लागते. कुत्रं खाटेखाली पळतं. ताटात नोटा पडताहेत, दर्जी तिरक्या डोळ्याने ताटाकडे बघतो आणि मुद्दाम कात्री थांबवतो. आजीबाई हसून आणखी एक नोट टाकतात. माप घ्यायची टेप तुझ्या गळ्यात आहे आणि खडू तुझ्या मुठीत. दे त्याला पटकन, अजून बाह्या बेतायच्या आहेत.